जॅक गुडींचं स्वयंपाकाचं पुस्तक: एका खानावळवाल्याचं मत

मी केंब्रिजच्या प्रोफेसराचं पुस्तक मागवलंय म्हटल्यावर आईनं एवढंच विचारलं, "त्यात मटणाचं काय हाय का?" नाही. 'कुकिंग, क्विझीन अँड क्लास' या नावाला भुलून कुणी रेसिपीसाठी घेणार असेल तर पैसे वाचवा. पण एकाच गावात राजाच्या ताटात एक आणि रयतेच्या ताटात दुसरंच का पडतं, असा प्रश्न कधी पडला असेल तर घ्या. समाजशास्त्रात एम. ए. करून कोल्हापुरात राजारामपुरीत वडिलांच्या खानावळीच्या गल्ल्यावर बसलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न रोजच पडतो.

आधी प्रतीबद्दल. नवीन महाग, म्हणून ऑनलाइन जुनी घेतली. विकणाऱ्यानं 'उत्तम स्थिती' लिहिलं होतं. आली ती पाठीचा गोंद सुटलेली आणि लाल पेनानं गिरवलेली. चिकटपट्टी लावून वापरतोय. अक्षर बारीक आहे, रात्री गिऱ्हाईक संपल्यावर वाचायचं तर दिवा चांगला पाहिजे.

आता माणूस. जॅक गुडी, जन्म १९१९, लंडन. केंब्रिजला गेला इंग्रजी साहित्य शिकायला, मध्येच महायुद्ध आलं. १९४२ ला तोब्रुकला जर्मनांच्या हाती सापडला. इटलीतल्या छावणीतून निसटला, परत पकडला गेला, तिथनं जर्मनीत. त्या कैदेत फ्रेझरचं जादू, धर्म आणि दंतकथांवरचं 'द गोल्डन बाऊ' हे पुस्तक हाताला लागलं आणि गडी साहित्य सोडून मानववंशशास्त्राकडे वळला. पुढं उत्तर घानात लोडगा लोकांच्यात राहिला, १९७३ ला केंब्रिजला प्रोफेसर झाला, २००५ ला 'सर' झाला. २०१५ ला वारला. लिहिता येणं आणि न येणं यानं समाज कसा बदलतो, हा त्याचा जन्मभराचा विषय. हे पुस्तक १९८२ चं.

दुसरं प्रकरण बिनधास्त सोडा. त्यात फ्रेंच पंडितांशी भांडण आहे, ते त्यांचं त्यांनी निस्तरावं. खरी चव तिसऱ्यापासून. लोडगांचं रोजचं जेवण म्हणजे ज्वारी-बाजरीच्या पिठाची घट्ट उकड आणि बरोबर कोरड्यास. बायका ज्वारीची बिअर गाळतात. शेजारच्या गोंजा लोकांना राजा आहे, सरदार आहेत. पण गुडी सांगतो की सरदाराच्या घरी जास्त शिजतं, वेगळं शिजत नाही. का? शेती कुदळीची, नांगर नाही, जमीन मुबलक. जमिनीवरनं माणसामाणसांत फार मोठी दरी पडत नाही. शिवाय सरदार साध्या घरातल्या मुली करतात, म्हणजे त्याच्या चुलीपुढं बसणारी बाई रयतेतलीच. आपल्याकडं सोयरीक जातीबाहेर जात नाही, म्हणून चूलही जात नाही. खानावळ चालवून मला जे नीट मांडता येत नव्हतं ते इथं सापडलं, एवढ्यावर माझे पैसे फिटले.

चौथ्या प्रकरणावर मात्र माझा राग आहे. इजिप्त, रोम, चीन, भारत, अरब, युरोप असा तो धावत सुटतो. मुद्दा असा, की नांगर, वर्ग आणि लेखन आलं की उच्च पाककला येते. बरोबर आहे. आपल्याकडं बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं 'मानसोल्लास' लिहिला. त्यात मांडे आहेत, इडलीसारख्या इडरिका आहेत, शेतातले भाजलेले उंदीरसुद्धा आहेत. राजाचं ताट संस्कृतात गेलं. आमच्या चटणीचं प्रमाण मात्र कुणी लिहिलेलं नाही. एप्रिलात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची घेऊन आई डंकावर जाते, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे बोटांनी चाळवून बघते, वास घेते आणि "अजून मूठभर धणे" म्हणते. लेखन नसलं तरी चव घसरत नाही, हे गुडीला सांगायला पाहिजे होतं.

आणि मोठी गोष्ट वेगळीच. भारतात उच्च-नीच पदार्थापेक्षा हातात जास्त असतं. सोवळ्याचं, जातीचं त्यानं लिहिलंय, पण भर ग्रंथांवर. कोल्हापुरात बसून लिहिलं असतं तर भाऊसिंगजी रोडवरचं गंगाराम कांबळेंचं हॉटेल त्याला चुकवता आलं नसतं. दलित माणसाच्या हातचा चहा गाव घेईना, तर शाहू महाराज गाडी थांबवून तिथं चहा प्यायला लागले. चहा सगळीकडं सारखाच. कपात काहीही उच्च नव्हतं, प्रश्न होता तो कुणी दिला एवढाच. गुडीच्या नांगर-वर्ग-लेखनात हा कप बसत नाही.

पाचवं प्रकरण धंदेवाल्यांनी वाचावंच. फ्रान्सचा आपेर बाटलीत अन्न भरून, बूच मारून उकळत्या पाण्यात ठेवायचा. त्याची पद्धत १८१० ला छापून आली, मग पत्र्याचे डबे, आगगाडी, बिस्किटं, आणि शेवटी घानाच्या गावातल्या टपरीवर सार्डिनचा डबा. सैन्याला खायला घालायची गरज आणि गोऱ्यांचं साम्राज्य यातून हे कसं वाढलं, ते तो हिशेबाच्या वहीसारखं मांडतो. तयार पांढऱ्या रश्श्याचं पाकीट घेऊन आमच्याकडं विक्रेते येतात तेव्हा मला हेच प्रकरण आठवतं. मी अजून घेतलेलं नाही. अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, रोज ताजीच लागते, नारळाचं दूध शेवटी.

पाचपैकी साडेतीन. तिसरं आधी वाचा, मग पाचवं, मग चौथं भांडत भांडत. समाजशास्त्राच्या पोरांनी ग्रंथालयातली प्रत घ्यावी. खानावळवाल्यांनी घ्यायची तर जुनी घ्यावी आणि विकणाऱ्याकडून पाठीचा फोटो आधी मागवावा.