१०० पैकी ९७, आणि छडी रोजचीच

शाळेचं मानवी हक्कांचं 'तापमान' किती, हे मोजणारी २५ विधानांची प्रश्नावली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या मानवी हक्क केंद्राने काढली आहे. ती फुकट मिळते. तिचा पाया १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा. प्रत्येक विधानाला १ (कधीच नाही) ते ४ (नेहमी) असे गुण द्यायचे. बेरीज म्हणजे शाळेचे अंश, जास्तीत जास्त १००. नागपूरच्या शाळेत चालेल का? चालेल, पण थोडी उसवून, पुन्हा शिवून.

पहिली खोट बेरजेतच आहे. सगळीकडे १ लिहिला तरी २५ अंश होतात, म्हणजे इथला शून्य २५ वर बसलेला. खरा आकडा हवा तर बेरजेतून २५ वजा करा, ७५ ने भागा, १०० ने गुणा. ७० अंशांची शाळा मग ६० वर येते. त्याहून वाईट म्हणजे २४ विधानांना ४ आणि मारहाणीच्या एकाच विधानाला १ पडला, तर बेरीज ९७! शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. तिथे ९७ चा फलक लावणं म्हणजे थट्टाच. बेरीज करूच नये. विधानागणिक १ आणि २ देणारे किती, एवढंच मोजावं.

दुसरी खोट भाषांतरात शिरते. 'कोणालाही अपमानास्पद शिक्षा दिली जात नाही' या वाक्यापुढे 'कधीच नाही' हा पर्याय आला की सातवीतलं पोर हमखास गोंधळतं. शिक्षा कधीच होत नाही म्हणून ते १ लिहितं आणि चांगली शाळा नापास होते. नकारार्थी विधानं आधी सरळ करा: 'चुकलेल्या मुलाशीही इथे नीट वागतात.' 'माहीत नाही'चा रकाना ठेवा. तो मोजणीत धरू नका, पण कोणत्या विधानाला जास्त आला ते पाहा. तक्रार कुठे करायची हेच मुलांना ठाऊक नसेल, तर ते इथे दिसतं.

काही विधानं मुळातच तिकडची आहेत. 'अमेरिकेबाहेर जन्मलेल्यांचं स्वागत' इथे काय कामाचं? त्याजागी आपली घाला. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना मुलाला बाजूला बोलावून प्रवर्ग विचारतात का? शिक्षण हक्काच्या २५ टक्के कोट्यातून आलेल्यांना सहलीत, स्नेहसंमेलनात सामील करून घेतात का? गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाची बोली आदराने ऐकतात का? एप्रिलच्या उन्हात दुपारी माठात पाणी असतं का? मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का? विधानं मात्र २५ च ठेवा. वाढवली की मुलं शेवटची दहा डोळे मिटून भरतात.

वेळ जुलैच्या मध्याची धरा. विदर्भात शाळा जूनअखेर उघडते, तेव्हा पहिल्या आठवड्यात नव्या मुलांना सांगण्यासारखं काही नसतं. एक तास पुरतो. नाव, हजेरी क्रमांक, निळं-काळं पेन काही नको. सगळ्यांना पेन्सिल द्या, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून फक्त गोल करायला सांगा. विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शिपाई-सफाई कर्मचारी यांना चार रंगांचे कागद. वर्गशिक्षकाने गठ्ठा गोळा केला की सगळं मुसळ केरात. पेटी ठेवा, ती शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांसमोर उघडा.

माल आहे तो रंगांमधल्या फरकात. 'शाळेत मला सुरक्षित वाटतं' याला शिक्षकांचे ४ आणि विद्यार्थ्यांचे २ आले, तर तिथूनच काम सुरू होतं. अशी दोनच विधानं निवडा, प्रत्येकाला जबाबदार माणूस आणि तारीख लावा, जानेवारीत तेवढीच पुन्हा मोजा. मूळ प्रश्नावलीतलं कर्मचाऱ्यांना पुरेसा पगार मिळतो का हे विधान मुख्याध्यापक हळूच गाळतात. गाळू देऊ नका.

एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. कागदाच्या मागे एखाद्या मुलाने लैंगिक छळाबद्दल लिहिलं, तर ते 'गोपनीय' म्हणून कपाटात ठेवता येत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा (चाइल्ड हेल्पलाइनचा) क्रमांक कागदाच्या तळाशी मोठ्या अक्षरात छापा.