गाडीविना बडोदे : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझे वय ६९, पत्नीचे ६५. आमचे घर बडोद्यात अकोट्याला आहे. त्याआधीची जवळजवळ चार दशके दांडिया बाजारातल्या वाड्यात गेली. लेक आणि जावई कॅनडात, ऑन्टारियो प्रांतातल्या मिसिसागा शहरात राहतात, आणि करोनाची दोन वर्षे सोडली तर गेली काही वर्षे आम्ही मे ते सप्टेंबर-ऑक्टोबर त्यांच्याकडे असतो. म्हणजे 'गाडी ठेवावी की नाही' हा प्रश्न आमच्यापुढे दोन ठिकाणी उभा राहिला : तिकडे एखादी जुनी गाडी घ्यावी का, आणि वर्षातले पाच महिने कुलूपबंद असणाऱ्या बडोद्याच्या घरी गाडी असावी का. नोव्हेंबर २०२४ पासून आम्ही दोन्हीकडे गाडीविना राहिलो आहोत. त्यातले बडोद्याचे महिने मोजले तर दहा होतात, आणि या दहाही महिन्यांचा खर्च मी वहीत लिहून ठेवला आहे.

गाडी आम्ही विचार करून सोडली असे म्हणता येणार नाही, ती पुरात गेली. २०१३ साली घेतलेली पेट्रोलवरची छोटी गाडी होती आणि आमच्या इमारतीच्या बेसमेंटमध्ये उभी असे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर मजल मारली, तेव्हा आम्ही मिसिसागात होतो. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी पाठवलेल्या चित्रफितीत बेसमेंटचा उतार जिथून सुरू होतो तिथपर्यंत तपकिरी पाणी होते आणि एकाही गाडीचे टप दिसत नव्हते. विम्याची मुदत त्याच महिन्याच्या ८ तारखेला संपली होती. नूतनीकरण करायला बसलो तेव्हा पैसे भरण्यासाठी लागणारा ओटीपी बडोद्याच्या नंबरवर जात होता, आणि त्या नंबराचे रोमिंग मी सुरू केलेले नव्हते. पुढच्या आठवड्यात करू असे म्हणून मी ते पुढे ढकलले. मुदत उलटल्यावर गाडीची प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय विमा कंपनी नव्याने संरक्षण देत नाही, आणि पाहणीसाठी गाडी दाखवायला घरी कोणीच नव्हते. चूक सर्वस्वी माझी होती, आणि तिच्यामुळे एक रुपयाही भरपाई मिळाली नाही.

शेजाऱ्यांचा विमा चालू होता, तरी त्यांची निराशा झाली. पाणी ओसरल्यावर त्यांनी गाडी चालू होते का हे पाहण्यासाठी किल्ली फिरवली. पुराने झालेले नुकसान सर्वसमावेशक विम्यात धरले जाते, परंतु पाणी शिरलेले इंजिन चालू करण्याच्या प्रयत्नात जे मोडते ते पुराचे नुकसान न मानता नंतरचे नुकसान मानले जाते, आणि त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड आधीच घेतलेली असावी लागते. ज्यांच्या गाड्या सखल भागात उभ्या असतात त्यांनी ही जोड घ्यावी, आणि पाण्यात बुडालेल्या गाडीची किल्ली हातातही न घेता ती ओढून गॅरेजला न्यावी.

पूर आला नसता तरी उभी गाडी आम्हाला दरवर्षी काही ना काही दाखवतच होती. पाच महिन्यांनी परतल्यावर बॅटरी उतरलेली असे आणि दर दोन वर्षांनी ती बदलावी लागे. एका वर्षी उंदरांनी वायरिंग कुरतडले. टायर एकाच जागी दबून राहिल्यामुळे पहिले काही दिवस स्टिअरिंग थरथरे, ब्रेकच्या चकत्यांवर गंज धरलेला असे. शेजारच्या मुलाला आठवड्यातून एकदा गाडी चालू करून ठेवायला सांगितले होते, परंतु जागेवर दहा मिनिटे इंजिन घुरघुरत ठेवल्याने बॅटरी पुरती भरत नाही. गाडी काही किलोमीटर फिरवावी लागते, आणि आपली गाडी रस्त्यावर काढण्याची जोखीम दुसऱ्याच्या मुलावर टाकणे मला योग्य वाटले नाही. बॅटरीची वायर सोडवून ठेवणे हा साधा उपाय मला फार उशिरा कळला. एवढे सगळे सोसल्यावर माझे मत असे झाले आहे की गाडीला मालकापेक्षा राखणदाराची गरज अधिक असते, आणि जो वर्षातला पाऊस परदेशात काढतो त्याच्याकडे बडोद्यात राखणदार असेल तरच त्याने गाडीचा विचार करावा.

आता वहीतले आकडे. गाडी असताना पेट्रोल वगळून वर्षाला चोवीस हजार रुपयांच्या आसपास खर्च होत असे : विमा, सर्व्हिसिंग, बॅटरीचा हिस्सा, आणि आम्ही नसतानाही चालू राहणारा गाडी पुसणाऱ्याचा पगार. पेट्रोलचे बावीस हजार धरले तर सात महिन्यांच्या मुक्कामासाठी सेहेचाळीस हजार. गाडीविना दहा महिन्यांत रिक्षा आणि ॲपवरच्या टॅक्सीला २१,३०० रुपये लागले, आणि सहा वेळा दिवसभरासाठी चालकासह गाडी केली तिला १८,१००; एकूण ३९,४००, म्हणजे महिन्याला चार हजारांहून थोडे कमी. नव्या गाडीची दरवर्षी उतरणारी किंमत मी यात धरलेलीच नाही. पैशाच्या बाजूने गाडी न घेणेच सोयीचे आहे यात शंका नाही, परंतु निवृत्तीवेतन बरे असलेल्या माणसाने एवढ्यावरून निर्णय करू नये, कारण फरक महिन्याला काही हजारांचाच आहे.

दिवसाच्या फिरण्यात उणीव जवळजवळ जाणवली नाही. खंडेराव मार्केट, मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार या भागांत गाडी नेण्यापेक्षा ती कुठे उभी करावी याचीच चिंता मोठी असे. आता रिक्षातून दारात उतरतो. नाक्यावरचे दोन रिक्षावाले ओळखीचे झाले आहेत, आणि "काका, बेसी जाओ" म्हणताना ते पत्नीची पिशवी आधी आत ठेवतात. गरुडेश्वराला जाणे, पावागड, एखादे लग्न यांसाठी एकाच चालकाला आधी दूरध्वनी करतो. पूर्वी गरुडेश्वराहून परतताना उन्हाने डोळे दुखत आणि दर्शनाचे समाधान डभोईपर्यंतच टिके. आता मागच्या सीटवर आम्ही दोघे बोलत येतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास मला होऊ लागला होता आणि मी तो घरात कोणाला सांगितला नव्हता, हेही इथे नोंदवतो.

अडचणीचे दिवस मोजकेच, पण खरे आहेत. नवरात्राच्या रात्री अकरानंतर गरबा सुटला की रिक्षा मिळत नाही, मिळाली तर मागेल ते द्यावे लागते. उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, दोन दिवस बहुतेक रिक्षावाले स्वतःच गच्चीवर असतात, आणि पतंगाच्या दोऱ्याच्या भीतीने दुचाकीवर मागे बसून जाणेही धोक्याचे असते. त्या दिवसांत आम्ही घर सोडत नाही. अकोट्याच्या सयाजी नगरगृहातले मराठी नाटक चालत येण्याच्या अंतरावर आहे, तेवढे सुदैव. डिसेंबरात एका रात्री अडीच वाजता पत्नीला श्वास घेता येईना. गाडी असती तर मी ती काढली असती, आणि आज विचार करता ते चुकीचे ठरले असते. १०८ ला फोन केला, चौदाव्या मिनिटाला रुग्णवाहिका खाली होती, आणि गुजरातेत २००७ पासून चालणाऱ्या या सेवेच्या माणसांनी जिन्यातच प्राणवायू लावला. घाबरलेल्या, अर्धवट झोपेतल्या एकोणसत्तर वर्षांच्या माणसाने चालवलेल्या गाडीत तो मिळाला नसता. पहाटे रुग्णालयातून औषधे आणायला आणि घरी जाऊन कागद घेऊन यायला मात्र माझ्याकडे काही नव्हते; ॲपवरच्या दोन टॅक्सी मान्य होऊन रद्द झाल्या आणि शेवटी शेजाऱ्यांना उठवावे लागले. 'अपरात्री गाडी हवीच' या समजुतीतला खरा भाग मला या दुसऱ्या टप्प्यात दिसला.

सर्वांत मोठी हानी वहीत लिहिता आली नाही. माझी आत्या ८८ वर्षांची आहे, कारेलीबागेत राहते आणि वॉकर घेऊन चालते. रविवारी तिला कीर्तनाला किंवा कुणाकडे जेवायला नेण्याचे काम वर्षानुवर्षे माझे होते. रिक्षाची पायरी तिला चढवत नाही. टॅक्सी येते, परंतु वॉकर घडी करून ठेवायचा, तिला सावकाश वळवून बसवायचे, यासाठी प्रत्येक चालक थांबतोच असे नाही, आणि घाई झाली की ती म्हणते, "राहू दे रे, पुढच्या वेळी जाऊ." या दहा महिन्यांत ती चार वेळाच बाहेर पडली. गाडी असताना ती महिन्यातून दोन-तीनदा तरी निघत असे. घरात असे कोणी वृद्ध असेल तर माझे बाकीचे सगळे हिशेब बाजूला ठेवावेत आणि गाडी घ्यावी, असे मी मनापासून सांगेन.

मिसिसागात गाडी घेण्याचा विचार २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा केला आणि सोडला. ऑन्टारियोत पाहुणा म्हणून आलेल्याला तीन महिन्यांपर्यंत आपल्या देशाच्या परवान्यावर गाडी चालवता येते. त्याहून अधिक राहायचे तर आंतरराष्ट्रीय परवाना जवळ हवा, आणि तो निघण्यापूर्वी भारतातूनच काढावा लागतो. कायमचे राहायला जाणाऱ्यांना साठ दिवसच मिळतात आणि मग तिथला परवाना घ्यावा लागतो. भारताशी परवान्यांच्या अदलाबदलीचा करार नसल्याने परीक्षा चुकत नाही. खरी अडचण विम्याची आहे. घरातला जो माणूस गाडी नेहमी चालवतो त्याचे नाव विम्यात असणे आवश्यक असते, आणि बडोद्यातली चाळीस वर्षांची चालवणूक तिथल्या विमा कंपनीच्या हिशेबात फारशी धरली जात नाही. उजव्या बाजूने चालवण्याची सवय होते, परंतु लाल दिवे लुकलुकवत थांबलेल्या शाळेच्या बससमोर दोन्ही दिशांनी थांबायचे, हे लक्षात ठेवण्याचा ताण माझ्या मनावरून उतरत नसे. लेकीच्या घरापासून बसथांबा सात मिनिटांवर आहे, वाचनालय आणि भाजीचे दुकान बसने गाठता येते, आणि बर्फाच्या आधी आम्ही परततो, म्हणून आमचे निभले. बसथांबा नसलेल्या वसाहतीत बारा महिने राहणाऱ्या निवृत्तांचे गाडीविना निभेल असे मी म्हणणार नाही.

पुन्हा बडोद्याकडे. बेसमेंटऐवजी वरच्या पातळीवर जागा मिळाली, किंवा तिकडचे लांब मुक्काम थांबले, तर मी जुनी, स्वयंचलित गिअरची छोटी गाडी घेईन. नवी घेणार नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे आणि ती विकण्याचा विचार चालू आहे, त्यांनी विकताना विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे पत्र मागून घ्यावे, कारण ते तीन वर्षे चालते आणि पाच वर्षे दावा केलेला नसेल तर सवलत ५० टक्क्यांपर्यंत असते. मी मुदत उलटू दिल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण केले नाही, त्यामुळे अकरा वर्षांत एकही दावा न करता मिळवलेली ती सवलतही गेली.

चालवण्याचा परवाना मात्र मी सोडलेला नाही. मुदत संपण्यापूर्वी वर्षभर आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, आणि मुदत उलटून वर्ष झाले की पुन्हा परीक्षा द्यावी लागते, म्हणून परदेशी जाणाऱ्यांनी तारीख आधी पाहावी. माझी मुदत यंदा जुलैत, आम्ही तिकडे असताना, संपणार होती. डॉक्टरांचा दाखला जोडून मी ते काम या महिन्यातच उरकले आहे, आणि पुढची पाच वर्षे परवाना चालू राहील. आत्यासाठी आता रविवारची एक टॅक्सी महिन्याच्या बोलीवर ठरवतो आहे. चालक तिच्याच गल्लीतला आहे, आणि वॉकर डिकीत कसा ठेवायचा हे त्याला एकदा दाखवून झाले आहे.