रॅक बदललाच नव्हता! अलाइनमेंटच्या नावाखाली गेलेले ४६,२०० रुपये

माझ्याकडे २००७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० अश्वशक्ती. दिसायला साधी सेडान, पण ज्यांनी चालवली आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. हे लिहिण्याचं कारण एवढंच की जुनी, सहसा न दिसणारी गाडी जिवापाड सांभाळणारा माणूस गॅरेजवाल्याला लांबूनच ओळखू येतो. असा माणूस खर्चाला मागेपुढे बघत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि कोल्हापुरात अशी गाडी बाळगणारा मी एकटा नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत पुढचे दोन टायर नवीन घातले. दुकान हायवेलगतचं, मोठं, अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन मोजायचं, कॉम्प्युटर मशीन असलेलं. नाव लिहीत नाही, कारण तक्रारीचं काम चालू आहे. टायर घालून शिरोलीकडे निघालो आणि पहिल्या दोन किलोमीटरमध्येच हाताला जाणवलं की गाडी डावीकडे ओढतेय. स्टेअरिंग सैल धरलं की ती सरळ डाव्या पट्ट्याकडे जायला लागायची.

थोडी ओढ रस्त्यामुळेही असते. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, आपण डावीकडून चालतो, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे सरकते. त्यात उसाचा हंगाम. जोडट्रॉल्यांनी डांबरात पाडलेल्या चाकोऱ्या रुंद टायरला धरतात. म्हणून मी कागलपर्यंत जाऊन आलो, रुंद मोकळ्या पट्ट्यात मधोमध चालवून बघितली. ओढ होतीच.

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात गेलो. मालक म्हणाला, "साहेब, जुनी गाडी आहे, अलाइनमेंट गेलंय." ९०० रुपये. फरक पडला नाही. चार दिवसांनी पुन्हा गेलो तर म्हणाला, "कॅम्बर-कॅस्टर सेटिंग करावं लागेल, चारही चाकांचं." म्हणजे चाक आत-बाहेर किती कललंय आणि त्याचा वळण्याचा आस पुढे-मागे किती कललाय, ते कोन. २,८०० रुपये. मला स्क्रीनसमोर बसवलं. लाल आकडे होते, अर्ध्या तासात हिरवे झाले. छापील चिठ्ठी हातात दिली. त्या हिरव्या रंगाने माझा विश्वास बसला.

गाडी ओढतच राहिली. मग त्याने निदान बदललं. आता दोष रॅकचा, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणाऱ्या भागाचा. "रॅक गेलाय साहेब. नवीन मिळणार नाही, मुंबईहून रीकंडिशन्ड मागवतो." रॅक ३८,०००, मजुरी ४,५००. पैसे आधी, तेही एका वेगळ्याच माणसाच्या नावावर यूपीआयने. पक्कं बिल मागितलं तर, "जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल." गाडी तीन दिवस त्याच्याकडे होती. परत आली तेव्हा म्हणाला, "रॅक नवीन आहे, बसायला पाचशे किलोमीटर लागतील."

मी सहाशे चालवली. काहीही बदललं नाही.

तेव्हा एका मित्राने उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांना सगळे मामा म्हणतात. दुकान म्हणजे पत्र्याची शेड आणि एक पिट. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मला विचारलं, "वढती कवा? ब्रेक मारल्यावर, रेस दिल्यावर, का नुसती सोडली तरी?"

हा प्रश्न त्या मोठ्या दुकानात एकदाही कुणी विचारला नव्हता. आणि सगळं निदान या एका प्रश्नावर उभं असतं. ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर कॅलिपर (चाकाचा ब्रेक दाबणारा भाग) अडकलेला असू शकतो किंवा ब्रेकचा होज (रबरी नळी) आतून फुगून बंद होत असतो. तेव्हा दहा किलोमीटर चालवून दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात धरला तर एक बाजू जास्त तापलेली लागते. रेस दिल्यावर ओढत असेल तर आमच्या गाडीत आधी लोअर आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) मागचे रबरी बुश बघायचे. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या टर्बो गाडीत ते फाटले की स्टेअरिंग हातातून निसटल्यासारखं होतं. आणि गाडी सरळ जातेय पण स्टेअरिंग वाकडं दिसतंय, तर तो टोचा, म्हणजे वरून बघताना चाकं आत-बाहेर किती वळलीत त्या कोनाचा, प्रश्न. टो बिघडला की टायर कडेने घासतात, पण नुसत्या टोमुळे गाडी सहसा एका बाजूला ओढत नाही.

माझी गाडी सारख्या वेगात, काही न करता ओढत होती. "मग पयला टायर बघायचा," मामा म्हणाले. "रॅक कशाला उघडायचा?"

त्यांनी दोन्हीकडची हवा सारखी केली, पुढच्या टायरवर खडूने खुणा केल्या आणि डावा टायर उजवीकडे, उजवा डावीकडे घातला. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असता तर असं सरळ बदलता आलं नसतं; माझ्या टायरवर तो नव्हता. पंधरा मिनिटांचं काम. आम्ही फेरी मारून आलो. गाडी आता उजवीकडे ओढत होती.

टायर आतून एका बाजूला सारखा बांधला गेला नसेल तर तो शंकूसारखा वागतो, आणि पेला आडवा करून ढकलला की जसा वळत जातो तसा गाडीला एका बाजूला नेतो. मशीनवर हा दोष दिसत नाही, कारण मशीन चाकाचा कोन मोजतं, टायर कसा फिरतो ते नाही. मग मामांनी टायरच्या बाजूवरचे कोड वाचायला लावले. एकावर ४०२२, म्हणजे २०२२ चा चाळिसावा आठवडा. दुसऱ्यावर ०९१९. जोडी म्हणून विकलेला एक टायर जवळपास चार वर्षं जुना होता, आणि ओढणारा तोच. टायर विकणाऱ्याला टायर तपासायचा नव्हता, हे तिथे मला कळलं.

मी विचारलं, निदान रॅक तरी नवीन आहे ना? मामांनी गाडी पिटवर घेतली. बॅटरी मारून म्हणाले, "ह्यो बोल्ट बघा. ह्याला पाना लागलाय असं वाटतंय का तुमास्नी?"

या गाडीचा रॅक पुढच्या सबफ्रेमवर, म्हणजे इंजिनाखालच्या लोखंडी चौकटीवर, बसतो. तो काढायचा तर सबफ्रेम खाली उतरवावा लागतो. सबफ्रेमच्या बोल्टवर गगनबावड्याच्या रस्त्याची लाल माती वाळून बसली होती, बोल्टच्या कडा जशाच्या तशा. रॅकवर मात्र काळा रंग मारलेला, तोही फक्त खालून दिसेल तेवढ्या भागावर. मग बॉनेट उघडलं. आमच्या गाडीत पॉवर स्टेअरिंगचं ऑइल हिरवं असतं. रॅक बदलला तर पाइप सुटणार, जुनं ऑइल सांडणार, नवं भरावं लागणार. टाकीत तेच जुनं काळपट ऑइल होतं. हे मी त्याच संध्याकाळी बॉनेट उघडून बघू शकलो असतो. याची मला अजून चुटपुट आहे.

घरी येऊन अलाइनमेंटची चिठ्ठी काढली. वर गाडीचं नाव भलत्याच एका छोट्या हॅचबॅकचं. आणि मागच्या चाकांचे आकडेही 'आधी' आणि 'नंतर' वेगळे. या गाडीला मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा बीम) आहे, तिथे अलाइनमेंटसाठी फिरवायला बोल्टच नाही. पुढचा कॅम्बरही सबफ्रेम सैल करून सरकवला तर दोन बाजूंत थोडासा वाटून घेता येतो, एवढंच. जे फिरवताच येत नाही त्याचे आकडे हिरवे करून मला २,८०० रुपयांना विकले होते. गाडीला कुठे काय ॲडजस्ट होतं, हे मशीनवर चढवायच्या आधीच मालकाने तोंडाने सांगावं, असा माझा आता आग्रह असतो. सांगता आलं नाही तर मी गाडी वळवतो.

दुकानात जाब विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळालं, "काम करणारा पोरगा सोडून गेला." टायर मात्र मुकाट्याने बदलून दिला, कारण कोड वाचून दाखवल्यावर बोलायला काही उरलं नव्हतं. जुना मी मागून घेतला. बाकीच्या पैशांबद्दल हात वर.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर बोललो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, रॅकबद्दलचे व्हॉट्सॲप निरोप, अलाइनमेंटची चिठ्ठी आणि मामांनी पिटमध्ये काढायला लावलेले माती बसलेल्या बोल्टचे फोटो जोडून तक्रार दाखल केली आहे. ०९१९ चा तो टायर माळ्यावर ठेवलाय, मामांच्या खडूच्या खुणेसकट. आयोगाने मागितला तर तोही घेऊन जाणार आहे.