व्यवसायोपचारासाठी शहर गाठावे, की तज्ज्ञांना घरी बोलवावे?

पक्षाघातानंतर आईचा उजवा हात दुबळा राहिला. गोव्यातील आमच्या वाळपईत फिजिओथेरपिस्ट मिळाले, परंतु व्यवसायोपचारासाठी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे आंघोळ, कपडे, स्वयंपाक अशी रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठीचे उपचार) कोणाकडे जावे हे सांगणारे कोणी भेटेना. शोधाशोध केल्यावर दोन पर्याय उरले: दर आठवड्याला शहरातील एका रुग्णालयाच्या विभागात जाणे, किंवा म्हापशाहून पंधरा दिवसांनी घरी येणाऱ्या खासगी तज्ज्ञ बाईंना बोलावणे. आम्ही दोन्हींचा अनुभव घेतला.

रुग्णालयाचे मोल कमी लेखू नये. गरम पाण्यात मऊ केलेल्या प्लास्टिकचा स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारा साचा, तिथे आईच्या हातावरच बेतून मिळाला, खांद्याला ओढ बसू न देता तिला कसे उठवावे हे समजले, आणि ब्लाऊज चढवताना दुबळा हात आधी घालावा व उतरवताना शेवटी काढावा, ही साधी पण रोजच्या उपयोगाची गोष्टही तिथेच शिकलो. खर्चही परवडण्याजोगा होता.

अडले ते न्हाणीपाशी. "न्हाणीत खुर्ची ठेवा" असा सल्ला आम्हाला लागोपाठ तीन भेटींत मिळाला. सल्ला योग्यच होता. पण आमच्या जुन्या घरातील न्हाणीची जमीन मोरीकडे इतकी उतरती आहे की खुर्ची डगमगते, आणि दाराचा उंबरठा वीतभर उंच आहे. मी फोनवरचे फोटो दाखवत असे, परंतु फोटोत उतार दिसत नाही. दीड तासाच्या प्रवासाने थकलेली आई तिथल्या सपाट फरशीवर सगळे नीट करून दाखवी आणि घरी आल्यावर उंबरठ्याशीच थांबे.

म्हापशाच्या बाई आल्या, त्यांनी आधी न्हाणीत तांब्याभर पाणी ओतून ते कुठे वाहते ते पाहिले. मग खुर्ची भिंतीलगत, कमी उताराच्या जागी बसवून घेतली आणि आत जाताना आईच्या डाव्या, म्हणजे धड हाताला येईल असा दांडा लावायला सांगितला. आईला नारळ खवायचा होता. जमिनीवर बसून आदोळीवर, म्हणजे खवणीच्या विळीवर, खवणे इतक्यात नको म्हणून त्यांनी ओट्यावर बसणारी फिरकीची खवणी आणवली आणि दुबळ्या बोटांना धरता यावी यासाठी तिच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड केली. आज आई अर्धी वाटी खवते.

प्रत्येकाच्या घरी असेच होईल असे म्हणता येणार नाही. पहिले काही आठवडे रुग्णालयच बरे, असे मलाही वाटते. मात्र त्यानंतर, पैशांची थोडी ओढाताण झाली तरी, घरी येणारे कोणी मिळत असल्यास मी तोच मार्ग सुचवीन. शोधताना गावातील फिजिओथेरपिस्टला आणि विशेष मुलांच्या शाळेतील शिक्षकांना जरूर विचारावे. व्यवसायोपचाराची पदवी, म्हणजे बी.ओ.टी., आहे ना याची खात्री करावी, आणि मोठ्या माणसांवर उपचार करता का, हे फोनवरच विचारावे, कारण आम्हाला आधी भेटलेल्या दोघी केवळ मुलांनाच पाहत होत्या.