ट्यूब संपत आली आणि मेडिकलमध्ये नाही: आधी कुठे विचारायचं?

माझ्या मुलाला चौथ्या वर्षापासून इसब आहे. थंडी पडली की कोपराच्या घडीत आणि गुडघ्यामागच्या लवणीत कातडी तडकते, रात्र रात्र खाजवतो. त्वचेच्या डॉक्टरांनी टॅक्रोलिमस (इसबावरचं, स्टिरॉइड नसलेलं औषध) ०.०३ टक्के मलम लिहून दिलंय. गेल्या डिसेंबरात पुण्यात आमच्या भागातली पाच मेडिकल पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, "वरूनच माल येत नाहीये." तेव्हा चाचपलेले मार्ग इथे मांडते, कारण त्या धावपळीत चुकीची ट्यूब घरी आणणं फार सोपं असतं.

आधी हातात किती दिवस आहेत ते मोजा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. १० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये अशा २० रेघा. सकाळ-संध्याकाळ एकेक लागत असेल, तर ट्यूब दहा दिवसांची.

चार-पाच दिवसांचं मलम शिल्लक असेल, तर नेहमीच्या मेडिकलवाल्याला मागवायला सांगणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. तो दोन-तीन स्टॉकिस्टना, म्हणजे घाऊक पुरवठादारांना फोन करतो, आणि माल कुठे असेल तर बहुधा एक-दोन दिवसांत येतो. पुण्यात सदाशिव पेठेत घाऊक औषधविक्रेत्यांची दाटी आहे, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या परिसरात. पण घाऊकवाला परवाना असलेल्या दुकानालाच माल देतो, आपण स्वतः जाऊन फारसं हाती लागत नाही.

ऑनलाइनचा फायदा हा की घरबसल्या सगळे ब्रँड एकत्र दिसतात. पण चिठ्ठीचा फोटो टाकून, पैसे भरून झाल्यावरही "उपलब्ध नाही" म्हणून ऑर्डर रद्द होऊ शकते. आमची तिसऱ्या दिवशी झाली. ट्यूब आजच संपली असेल तर केवळ या मार्गावर विसंबू नका. त्यापेक्षा त्वचेच्या दवाखान्याला लागून असलेली दुकानं आणि मोठ्या रुग्णालयांतली मेडिकल आधी फोनवर विचारा. तिथे ही मलमं रोज खपतात, म्हणून ती ठेवलेली असतात. फोनवर औषधाचं नाव, टक्केवारी आणि किती ग्रॅमची ट्यूब हवी ते सांगा, म्हणजे हेलपाटा वाचतो.

जन औषधी केंद्र खिशाला सर्वांत हलकं. तिथे औषध ब्रँडने नाही, मूळ नावाने, म्हणजे त्यातल्या घटकाच्या नावाने मिळतं, आणि 'जन औषधी सुगम' ॲपवर औषध आणि जवळचं केंद्र दोन्ही शोधता येतं. यादीत नाव असलं तरी केंद्रात माल असेलच असं नाही. आम्हाला त्या आठवड्यात मिळालं नाही.

या सगळ्यांच्या आधी एक फोन मात्र डॉक्टरांना करा. शेड्यूल एच औषध, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं औषध, चिठ्ठीवर ब्रँडच्या नावाने लिहिलेलं असेल, तर दुकानदाराला स्वतःच्या मनाने दुसरं देता येत नाही, घटक तोच असला तरी. १९४५ च्या औषध नियमांत तसं स्पष्ट आहे. डॉक्टरांनी नवी चिठ्ठी मूळ नाव आणि टक्केवारी घालून दिली, की कुठल्याही कंपनीचं मलम मागता येतं. आमच्या डॉक्टरांनी हे पाच मिनिटांत केलं. मलम मिळेपर्यंत मॉइश्चरायझर चुकवू नका, असंही बजावलं. टॅक्रोलिमस कुठेच नसेल तर त्याच गटातलं पिमेक्रोलिमस क्रीम किंवा थोड्या दिवसांसाठी सौम्य स्टिरॉइड, हा निर्णयही त्यांचाच.

टक्केवारीवर अडून राहा. ०.०३ टक्के दोन ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, ०.१ टक्के त्यापुढच्यांसाठी. बऱ्याचदा ०.१ टक्क्याच्या ट्यूबवर ब्रँडच्या नावापुढे 'फोर्ट' असतं. "पॉवर जास्त आहे, थोडंसंच लावा," असं मला एका दुकानात सांगितलं. लहान मुलासाठी हे मान्य करू नका.

आणि एक पर्याय मी तुलनेत धरतच नाही. दुसऱ्या दुकानात मला क्लोबेटासोल, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब पुढे केली. "सगळ्यावर चालतं, दोन दिवसांत फरक." फरक पडतोही, म्हणूनच लोक फसतात. क्लोबेटासोल हे सर्वांत तीव्र स्टिरॉइडांपैकी एक. घडीतल्या नाजूक कातडीवर आठवडेच्या आठवडे लावलं तर ती पातळ होते, ताणाच्या कायमच्या रेघा पडतात, आणि बंद करताच त्रास दुपटीने उसळू शकतो. चेहऱ्यावर तर लालसरपणा आणि मुरुमं येतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली ती याचसाठी. तरीही ती काउंटरवर सर्रास मिळतात, आणि घाबरलेल्या आईबापांच्या हातात जातात याचा मला राग येतो.

आमचं मलम शेवटी डॉक्टरांच्या गल्लीतल्या एका छोट्या दुकानात मिळालं, दुसऱ्या कंपनीचं, टक्केवारी तीच. पक्कं बिल घेतलं, मुदत तपासली. आता ट्यूब अर्धी झाली की मी मेडिकलवाल्या काकांना सांगून ठेवते. त्यांच्या वहीत मुलाचं नाव, ०.०३ आणि माझा नंबर लिहिलेला आहे.