दमट हवेतली छोटी रेल्वे: रूळ आणि इंजिनांच्या सफाई-वंगणाचा वापरानंतरचा अनुभव

गोव्यातल्या फोंड्यात आमच्या माडीवरच्या खोलीत एचओ मापाच्या, म्हणजे 1:87 प्रमाणाच्या छोट्या रेल्वेची मांडणी आहे. दोन रुळांमधले अंतर 16.5 मिलिमीटर असून नियंत्रण डीसीसी पद्धतीचे, म्हणजे रुळांतूनच विजेबरोबर प्रत्येक इंजिनाला वेगळे डिजिटल आदेश देणारे आहे. उन्हाळ्यात चिऱ्याची तांबडी धूळ खिडकीतून आत येते, पावसाळ्यात हवा ओली असते आणि चवथीच्या दिवसांत समई, धूप व फटाक्यांचा धूर घरभर फिरतो. अशा घरात गेला उन्हाळा आणि सबंध पावसाळा वापरलेल्या तीन वस्तूंविषयी लिहितो: रूळ पुसण्यासाठी मिनरल टर्पेंटाइन, चाकांना रुळांतून वीज नीट मिळावी म्हणून रुळांवर घासण्यासाठी ग्रॅफाइट आणि इंजिनांसाठी प्लॅस्टिकला न खाणारे सिंथेटिक तेल व ग्रीस.

रूळ निकेल-सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. चाक आणि रूळ यांच्यात सूक्ष्म ठिणग्या उडतात आणि त्यातून काळा थर साचतो. पूर्वी मी इतरांप्रमाणेच आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरत असे. त्याने रूळ लगेच चकचकीत होतात, पण पावसाळ्यात तो काळेपणा फार लवकर परत येतो. हे अल्कोहोल ध्रुवीय द्रावक आहे. द्रावक किती ध्रुवीय आहे हे ढोबळमानाने दाखवणारा त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे 18, तर टर्पेंटाइनचा सुमारे 2 आहे. अध्रुवीय द्रावकाने पुसलेल्या रुळांवर हा थर कमी धरतो, असे अनेक अनुभवी छंदिष्ट सांगतात, आणि माझ्या रुळांवर तरी ते खरे ठरले. पूर्वी दर आठवड्याला पुसावे लागणारे वळण आता महिनाभर कुरकुर न करता चालते. मात्र टर्पेंटाइन ज्वालाग्राही आहे. वीज बंद करून, खिडकी उघडून, सुती कापडाला जेमतेम ओल लागेल इतकेच ते घ्यावे, आणि इंजिनाच्या प्लॅस्टिकच्या कवचाला लागू देऊ नये. खरखरीत रबराने रूळ घासणे मी पूर्ण सोडले आहे, कारण त्याने पडलेल्या बारीक ओरखड्यांत मळ अधिक घट्ट बसतो.

ग्रॅफाइटसाठी वेगळी खरेदी लागली नाही. चित्रकलेची 6बी पेन्सिल पुरली. पुसून कोरड्या केलेल्या रुळाच्या आतल्या कडेवरून ती एकदाच हलक्या हाताने फिरवायची. यापेक्षा जास्त लावले की चढावर चाके घसरतात, म्हणून घाटाच्या भागात मी पेन्सिल लावतच नाही.

चाकांसाठी टिश्यू पेपरची घडी द्रावकाने किंचित ओली करून रुळांवर आडवी ठेवतो. इंजिनाची एक बोगी (म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखालचा चाकांचा गट) तिच्यावर आणि दुसरी उघड्या रुळांवर ठेवून हाताने धरले की चाके जागच्या जागी फिरतात आणि कागदावर दोन काळ्या रेघा उमटतात. रेघा फिक्या होईपर्यंत कागद सरकवत राहायचे, मग बोगी बदलायची. रबरी टायर असलेली चाके यातून वगळावीत. ती कोरड्या कापडानेच पुसावीत.

तेलाचा दर्जा उत्तम आहे, पण खरी कसोटी वापरणाऱ्याच्या हाताची. मोटरच्या दांड्याच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगला आणि वर्म गिअरच्या (मोटरची गती चाकांकडे नेणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरच्या) बेअरिंगला सुईच्या टोकावर मावेल इतका थेंब पुरतो, तर दातेरी चाकांना ग्रीसचा पातळ लेप. कम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या कड्यावर, तेल गेले की कार्बनची पूड त्यात मिसळून चिखल होतो. बोगीत जादा झालेले तेल चाकांवर उतरते, तिथून रुळांवर पसरते आणि चिऱ्याची धूळ त्यात अडकून तांबूस-काळी लापशी तयार होते. शिवणयंत्राचे तेलही मी एका जुन्या इंजिनात वापरून पाहिले. सुरुवातीला ते ठीक चालले, पण पावसाळा संपेस्तोवर चिकट झाले. सिंथेटिक तेल तसे झाले नाही आणि थंड सुरुवातीची घरघरही कमी झाली. तक्रार करायची तर बाटलीबद्दल: ती महाग आहे, गोव्यातल्या दुकानांत मला मिळाली नाही, मागवावी लागली, आणि उघडी राहिली तर तिच्या बारीक नळीत धूळ शिरते.

या सगळ्याने न सुटलेली जागा म्हणजे सांधे, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे रुळांचे भाग. त्यांच्या हलत्या, निमुळत्या पट्ट्या (जिभा) आणि रूळ जिथे टेकतात तिथे कापडही नीट पोहोचत नाही आणि पेन्सिलही. टूथपिकला कापड गुंडाळून प्रत्येक सांधा हातानेच पुसावा लागतो, आणि पावसाळ्यात ते काम अजूनही दर आठवड्याचे आहे.