जुनी ‘चोपन्न’ घ्यावी की तरुण ‘चौसष्ट’?

पॉइंट टू-टूची जुनी मॅच (स्पर्धेची) रायफल बघायला निघालेल्या बहुतेकांपुढे शेवटी दोनच पर्याय उरतात. एक, आन्शुट्झ या जर्मन कंपनीची 1913 किंवा 1907 (ही मॉडेलची नावं). वय तीस-पस्तीस वर्षं, लाकडी दस्ता, पॉलिश उडालेलं, गालाच्या जागी घामाचा काळपट डाग. दुसरी त्याच कंपनीची 1903. वयाने अर्धी, दिसायला चकाचक, किमतीला बरीच हलकी. दोन्ही सिंगल शॉट: बोल्ट मागे, एक गोळी हाताने आत, बोल्ट पुढे. फरक पोटात आहे. 1913 आणि 1907 मध्ये ‘मॅच 54’ अ‍ॅक्शन, 1903 मध्ये ‘मॅच 64’. अ‍ॅक्शन म्हणजे नळीच्या मागचा, बोल्ट आणि ट्रिगर सांभाळणारा भाग. रेंजवर सगळे नुसतं ‘चोपन्न’ आणि ‘चौसष्ट’च म्हणतात.

माझं मत आधीच सांगतो. नळी धड असेल तर चोपन्न घ्या. ‘नळी धड असेल तर’ एवढ्याच शब्दांसाठी बाकीचा लेख आहे.

चौसष्ट वाईट नाही. नीट लॉट (गोळ्यांची एकाच वेळी बनलेली खेप) मिळाला की बेंचवर टेकवून तीही ग्रुप घट्ट देते, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागतात. पण चोपन्नची बॉडी जाड आणि भक्कम, आणि तिचा 5018 हा दोन टप्प्यांचा ट्रिगर पहिल्या टप्प्यानंतर जिथे थांबतो तिथे अगदी भिंत लागल्यासारखा थांबतो. स्टँडिंगमध्ये, म्हणजे उभ्याने नेम धरताना, याची किंमत कळते. शिवाय चोपन्नची अ‍ॅक्शन पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या दस्त्यात बसवता येते, म्हणजे आज लाकूड, पैसे साठले की अ‍ॅल्युमिनियम. चौसष्टचा खरा फायदा वजनाचा. 1903 साडेचार किलोच्या आसपास, तर 1913 जवळजवळ सात. पुरुषांसाठी नियमाची मर्यादा 8 किलो आहे म्हणून तितकं वजन पेललंच पाहिजे असं नाही. चौदा वर्षांच्या सडपातळ मुलीच्या हातात 1913 देऊन तिला नीलिंगला (गुडघ्यावर) बसवणं हा छळ आहे. तिच्यासाठी चौसष्ट, नाहीतर मधल्या वजनाची 1907.

(वॉल्थरची केके300 मिळाली तर? जरूर बघा. फक्त आपल्या गावात तिचे सुटे भाग कोणाकडे मिळतात ते आधी विचारा.)

आता नळी. चेंबरजवळ (गोळी बसते ती जागा) जर्मनीतल्या उल्मच्या प्रूफ हाऊसची, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या केंद्राची, सांबरशिंगाची छाप असते, तिच्या शेजारी दोन अक्षरं: वर्षाचे शेवटचे दोन आकडे. ए म्हणजे 0, बी म्हणजे 1, असं करत आय म्हणजे 8. जे वगळलेलं, के म्हणजे 9. ‘आयजी’ दिसलं की 1986. विकणारा ‘नव्वदीनंतरची आहे’ म्हणत असेल तर इथे उलगडा होतो. अर्थात वर्षापेक्षा किती गोळ्या सुटल्या ते महत्त्वाचं, आणि ते कोणीच खरं सांगत नाही. बोअरस्कोप, म्हणजे नळी आतून बघायचं साधन, मिळवा. चेंबरच्या लगेच पुढे, घड्याळात सहा वाजतात त्या बाजूला, खरखरीत पट्टा दिसला तर प्रायमरमधल्या (गोळीच्या काठातल्या, पिनच्या ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्यातल्या) काचेच्या चुऱ्याने तिथे पोलाद खाल्लेलं असतं. मग मझल, म्हणजे नळीचं पुढचं तोंड. साफसफाईची सळी गाइडशिवाय पुढून घालणारे महाभाग आहेत. कडेला चकाकी एकसारखी नसेल तर समजून जा.

एक गोळी झाडून पुंगळी हातात घ्या. काठावर फायरिंग पिनची खूण स्वच्छ, खोल आणि दर वेळी एकाच आकाराची हवी. मी एकदा पाहिलेल्या 1913 च्या पाच पुंगळ्यांपैकी दोनांवर खूण उथळ होती. विकणारे काका पाच गोळ्यांचं एकाच भोकाचं कार्ड दाखवत होते. मी म्हटलं, “काका, दहा-दहाचे चार ग्रुप काढूया.” तिसऱ्या ग्रुपात दोन गोळ्या खाली उतरल्या. पिनची स्प्रिंग दमली होती. ती बदलणं स्वस्त, त्यामुळे भाव कमी करून रायफल घेतली. नळीत तो खरखरीत पट्टा असता तर घेतली नसती.

गोळी खाली का उतरते, याचा हिशेब सोपा आहे. मॅचची गोळी 40 ग्रेनची, म्हणजे 2.6 ग्रॅम. वेग साधारण 325 मीटर प्रति सेकंद, मुद्दामच आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला. 50 मीटर जाईपर्यंत ती नळीच्या रेषेपासून सुमारे 12 सेंटिमीटर पडते. वेगात 10 मीटरचा फरक पडला की ती सात-साडेसात मिलिमीटर वर-खाली होते.

आणि लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ केवढं? व्यास 10.4 मिलिमीटर. गोळी 5.6 ची, बाहेरून शिवली तरी दहा. म्हणजे कडेपासून कडेपर्यंत 21.6 मिलिमीटरच्या आतला ग्रुप, नेमका मध्यावर बसला तर, सगळा दहाचा. रायफल आणि गोळीने मिळून त्यातले 15 खाल्ले तर तुमच्या चुकीसाठी चहूबाजूंनी उरतात 3.3 मिलिमीटर. दशांशात तर आणखी कडक: दर 0.8 मिलिमीटरला 0.1 गुण जातो, साठ गोळ्यांत सरासरी एवढंच सरकलं की 6 गुण. स्वप्नील कुसळेने पॅरिसला 2024 मध्ये थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्याने) कांस्य घेतलं ते 451.4 वर. त्या पातळीला दशांशावर पदकं हलतात.

म्हणून सगळे पैसे रायफलवर उडवू नका, गोळ्यांसाठीही ठेवा. एली टेनेक्स, आरडब्ल्यूएस आर50, लापुआ मिडास: नुसतं नाव बघून यातली कोणतीही गोळी निवडता येत नाही. एकाच नावाचे दोन लॉट एकाच नळीत वेगळे वागतात, आणि शेजारच्या लेनवर ज्या लॉटने कमाल केली तो तुमच्या नळीत पसरेल. एलीच्या खोक्यावर लॉट नंबर आणि वेग छापलेला असतो, तो वहीत उतरवा. लॉट बदलला की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका. आधीच्या गोळीचं मेण नळीतून जायला वेळ लागतो. नळी साफ केल्यावरही तेच. माझ्या रायफलला महागड्या तीन लॉटपेक्षा एसके रायफल मॅचचा एक लॉट जास्त मानवला. सरावाला तोच वापरतो.

लाकडी दस्ता कोकणातला असेल तर अ‍ॅक्शनचे स्क्रू सोडवून बेडिंग (ती लाकडात बसते ती जागा) बघा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आटतं, आणि ग्रुप फाटला की दोष गोळीला जातो.

कागदपत्रं: परवान्यावर नोंद झाल्याशिवाय ताबा नाही, चाचणीसुद्धा विकणाऱ्याच्या उपस्थितीत, रेंजवरच. आयात सवलतीत आलेली रायफल असेल तर तिची मूळ कागदपत्रं मागा, आणि नंबर नळीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. माझ्या वेळी अर्जात एक आकडा उलटा पडला होता, त्यात दोन महिने गेले.